बोटांतली फट

“आणि हे आत्ताचं ओके कुठलं?” इंगुननं मला दाराशी गाठून विचारलं.

आत आबा चिंदरकर उशीला टेकून बसले होते. इंगुननं नुकतीच त्यांची उशी सारखी केली होती आणि त्यावर ते “ओके, ओके” म्हणाले होते. मी सांगितलं, हे ‘ताक’. नॉर्वेत धन्यवादाला ताक म्हणतात. तिनं मान हलवली. मग सकाळी पडदा उघडला तेव्हाचं? ते ‘यावेल’. म्हणजे तुमची मर्जी, उघडला नसतात तर बरं झालं असतं. आणि सुई टोचताना लांबवून म्हणतात ते? ते ओके नव्हेच, ते कण्हणं आहे. मुलगा फोन ठेवतो तेव्हा म्हणतात ते? त्याला मी जरा थांबलो. शेवटी ‘ग्रैट’ म्हणालो. ठीक आहे, चालेल, माझं काही म्हणणं नाही. इंगुन हसली. म्हणाली, तुमच्या पेशंटनं एका शब्दात अख्खी भाषा बसवली आहे.

इंगुन त्या वॉर्डातली नर्स. पन्नाशीची, उंच, चालताना लाकडी सपाता वाजवणारी. मी दुभाषी. मूळचा वेंगुर्ल्याचा वासुदेव आरोलकर. बोटीवर मोटरमन होतो, इथल्या एका बंदरात बोट दुरुस्तीला लागली आणि मी लग्नाला लागलो. पुढे बायको, मारित, गेली, मी राहिलो. मासळीच्या कारखान्यात नोकरी आणि अधूनमधून दुभाषाचं काम, असं माझं चाललं होतं. काम बहुतेक हिंदी-उर्दूचं असायचं. मराठीसाठी बोलावणं आलं तेव्हा मला आधी चूक झाली असंच वाटलं.

आबांची मालवणात खानावळ होती. किल्ला बघायला येणाऱ्या पाहुण्यांशी बोलून बोलून त्यांना इंग्रजीतला हा एक शब्द मिळाला आणि तेवढ्यावर त्यांचं भागलं. बायको गेल्यावर मुलानं, उल्हासनं, त्यांना इकडे आणलं. उल्हास समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनिअर. काही आठवडे पाण्यात, काही आठवडे घरी. सून इथलीच, ती दिवसभर कामावर. म्हातारा खिडकीपाशी बसून समोरच्या धक्क्यावरच्या बोटी बघायचा. पोटात दुखायला लागलं तेही त्यानं बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तोवर कॅन्सर सगळीकडे पसरला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “खयचे तुमी?”

“वेंगुर्ल्याचो.”

“मगे आपलेच,” म्हणाले आणि हात धरून ठेवला. खरं तर दुभाषानं पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं. मी बसलो.

“हय सगळी माणसा दिवसभर ‘या, या’ म्हणतत,” आबा म्हणाले. “पण बसाक कोण सांगना नाय.”

मी त्यांना सांगितलं की इथं ‘या’ म्हणजे हो. आणि ‘नाय’ म्हणजे नाही. यावर ते इतके खूश झाले की पोट धरून हसले आणि मग पोट दुखलं म्हणून थांबले. नाय म्हणजे नायच! मग ह्यांनी आपल्याकडून नेलं की आपण ह्यांच्याकडून आणलं, यावर आम्ही थोडा वेळ घालवला. ‘नको, धन्यवाद’ला ‘नाय ताक’ म्हणतात हे कळल्यावर तर त्यांची खात्री पटली की ह्या देशात सोलकढी सोडा, ताकसुद्धा मिळायचं नाही.

दुभाषाच्या कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की आपण नळासारखं असायचं. इकडून आलं ते तिकडे सोडायचं. आपलं काही घालायचं नाही, गाळायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, समजावून सांगायचं नाही. ‘पेशंट असं म्हणतो’ असंसुद्धा म्हणायचं नाही. तो ‘मला दुखतं’ म्हणाला की आपणही ‘मला दुखतं’ म्हणायचं, त्याच्याच तोंडानं. मला हा नियम आवडायचा. कारखान्यात दिवसभर माझं स्वतःचं कोणी ऐकत नव्हतंच. इथं निदान दुसऱ्याचं बोललेलं सगळे कान देऊन ऐकायचे.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आबांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. डॉक्टर अजून यायच्या होत्या. मी न राहवून विचारलं, काय झालं.

“त्या चेडवान गोळी दाखवन विचारल्यान, व्हयी काय,” आबा म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी. पन्नाशीची इंगुन त्यांच्या लेखी मुलगीच. “मी नको म्हटलंय.”

“कित्याक?”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी वेंगुर्ल्याचा आहे की नाही अशी त्यांना शंका आली. “पयल्यांदा विचारल्यार हो कसा म्हणतलंय? हावरटासारखा? माका वाटला, परत विचारतली. ती गेली ती गेलीच.”

मला हसू आलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मीही ह्या देशात असाच उपाशी राहिलो होतो. मारितच्या आईनं पहिल्या दिवशी ‘आणखी बटाटे?’ विचारलं, मी ‘नको’ म्हटलं आणि तिनं भांडं उचलून आत नेलं. आपल्याकडे पहिलं नको हे नकोच नसतं. ते नुसतं रीत म्हणून असतं. दुसऱ्या वेळेला समोरचा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, ते कळतं, आणि माणूस खरं बोलतो ते तिसऱ्यांदा. इथं एकदाच विचारतात आणि जे म्हणाल ते खरं धरतात. ह्यात त्यांचं काही चुकत नाही. ते तुमच्या शब्दाला मान देतात.

त्या दिवशी मी नळाचा नियम मोडला. कॉरिडॉरमध्ये इंगुनला म्हटलं, त्यांना काहीही विचारायचं तर तीनदा विचार. ती गोंधळली. म्हणाली, इथं बालवाडीपासून शिकवतात की समोरचा नाही म्हणाला की थांबायचं. मी म्हटलं, थांबू नकोस. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती करू लागली. गोळी हवी का? नको, ओके. नक्की नको? नको, नको. अजून एकदा विचारते, हवी का? तेव्हा आबा मान तिरकी करून, तिच्यावर उपकार करत असल्यासारखे, म्हणायचे, “ओके.” इंगुन मला म्हणाली, आता हे ओके कुठलं ते तुम्ही सांगायची गरज नाही.

एकदा ती सूप वाढायला आली तेव्हा आबांनी वाडग्यावर हात आडवा धरला. ती थांबली. आबा मला म्हणाले, “तिका सांगा, हात बघूचो नाय. बोटा बघूची.”

मग त्यांनी धंद्यातली गोष्ट सांगितली. ताटावर हात सगळेच धरतात. ज्याचं पोट खरंच भरलं त्याची बोटं एकमेकांना चिकटलेली असतात. ज्याला हवं असतं त्याच्या बोटांत फट राहते. त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं. फट दिसली की विचारायचं नाही, वाढायचं. “उल्हासाक विचारा. सुट्टी पडली काय हातात आमटीचा भांडा घेऊन पंगतीत फिरायचो. एवढोसो होतो, पण फट कधी चुकूक नाय त्याका.”

मी हे सगळं इंगुनला सांगितलं. तिनं आबांची बोटं पाहिली आणि आणखी एक पळी सूप घातलं. आबा जिंकल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

ह्याच सुमारास डॉक्टर हाउगेन उल्हासशी बोलल्या. आता औषधानं बरं होण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण येत्या आठवड्यात ते विमानात बसू शकतील, सोबत नर्स देता येईल, त्यानंतर मात्र नाही. घरी जायचं असेल तर आत्ताच. उल्हासनं हे मला कॉफीच्या मशीनपाशी सांगितलं. उंच, देखणा माणूस, अंगात महागडं जाकीट, डोळे झोप न झालेले. मी म्हटलं, मग?

तो म्हणाला, तिकडे कोण आहे? पुतण्या खानावळ चालवतो, त्याची बायको बघेल, पण किती बघेल? इथं दुखलं तर मिनिटात इंजेक्शन आहे. तिथं खळ्यात खाट टाकून ठेवतील. अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग म्हणाला, “आणि लोक काय म्हणतील, काका? बाप जड झाला म्हणून मरायला परत पाठवला. मला परत कधी त्या रस्त्यानं मान वर करून चालता येणार नाही.”

मी विचारलं, आबांना विचारलंस का.

“विचारलं. नको म्हणाले.”

“किती वेळा विचारलंस?”

त्यानं कॉफीचा कप कचऱ्यात टाकला. तो अर्धा भरलेला होता.

आबा तर रोज खळ्यात जाऊन येत होते, नुसत्या बोलण्यात. कोण शेजारी येऊन बसेल, धक्क्यावर मासळीचा लिलाव सुरू झाला की कसा आवाज येतो, पुतण्याची बायको तिरफळं जास्त घालते ते तिला कसं सांगायचं. मी एकदा म्हटलं, मग सांगा ना उल्हासला, घरी जायचंय म्हणून. ते म्हणाले, “आपणहून कसा सांगू? त्येका जड जायत. तो विचारतलो. झील आसा माझो.” मला त्या माणसाचा रागही आला आणि वाईटही वाटलं. उद्या-परवा विमान निघून जाणार आणि हा पंगतीत बसून आमटी येण्याची वाट बघतोय.

मीटिंग सकाळची होती. आबांच्या खाटेभोवती डॉक्टर, इंगुन, उल्हास आणि मी. समोरच्या टेबलावर न्याहारीचा ट्रे तसाच होता, वाडग्यात ओटची खीर. डॉक्टर हाउगेन बोलायला सरळ बाई. त्यांनी सगळं नीट सांगितलं आणि शेवटी विचारलं की तुम्हाला भारतात घरी जायचं आहे का.

“नको,” आबा म्हणाले. “ओके. कशाक सगळ्यांका त्रास.”

मी त्यांच्या तोंडानं बोललो. नको, ठीक आहे, मला कुणाला त्रास द्यायचा नाही. डॉक्टरांनी पेन उचललं.

“परत विचारा,” इंगुन म्हणाली.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण विचारलं. आबा जरा सावरून बसले. “नको म्हंजे, थयसर आता कोण आसा? पुतण्यो आसा. खाट आसा खळ्यात. पण नको.” मी तेही सगळं, पुतण्या आणि खाट, नॉर्वेजियनमध्ये मांडलं. डॉक्टरांच्या लक्षात काहीतरी आलं असावं. त्यांनी पेन ठेवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, आधीपेक्षा हळू.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. उल्हासकडे बघितलं. “डॉक्टरांका सांगा,” ते मला म्हणाले, “हे झिलान विचारूचा.”

मी सांगितलं. हे मुलानं विचारायचं. डॉक्टरांनी उल्हासकडे हात केला. तो खुर्ची पुढे ओढून बसला. इतक्या वर्षांत त्याची मालवणी गेली होती, तो शाळेतल्या मराठीत बोलायचा.

“आबा, तुम्हाला घरी जायचंय का?”

“नको रे,” आबा म्हणाले आणि त्यांचा हात वर आला. कोणी काही वाढत नव्हतं. तरी तो हात सरकत त्या खिरीच्या वाडग्यावर गेला आणि आडवा राहिला. बोटं वाळलेली, आणि बोटांमध्ये इतकी फट होती की खालची खीर मला दिसत होती.

मी म्हणालो, “नाय.” एवढंच ते बोलले होते. बोटांचं भाषांतर करायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

इंगुन त्या हाताकडे बघत होती. उल्हासही बघत होता. लहानपणापासून ज्याला फट कधी चुकली नाही तो आपल्या बापाच्या बोटांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बंद होत चालला होता, संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावतात तसा.

“उल्हास,” मी म्हटलं, “परत विचार.”

त्यानं मान वर केली. माझ्याकडे न बघता तो डॉक्टरांना स्वच्छ नॉर्वेजियनमध्ये म्हणाला, “दुभाषी स्वतःच्या मनाचं बोलतोय. त्याला फक्त भाषांतर करायला सांगा.”

डॉक्टरांनी मला तसं सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. मुलगा समोर आहे, पेशंट शुद्धीत आहे, चार वेळा विचारून झालं आहे. मी गप्प बसलो.

उल्हास वाकला आणि त्यानं बापाचा तो हात वाडग्यावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. “ओके, आबा,” तो म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता. पंगत संपली, ताटं उचलायची वेळ झाली, असं काहीतरी होतं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं उल्हासच्या डोक्यावरून हात फिरवला, केस सारखे केले.

“ओके,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

“ग्रैट,” मी म्हणालो. भाषांतर बरोबरच होतं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले असते.

त्यानंतर मला त्या वॉर्डात बोलावणं आलं नाही. माझ्याविरुद्ध तक्रार गेली होती आणि मीही ती खोडून काढायला गेलो नाही. भेटीच्या वेळेत गेलो तर उल्हासनं नको म्हणून सांगून ठेवलं होतं. इंगुनचा फोन आला तेव्हा आबा पहाटेच गेले होते. ती म्हणाली, शेवटपर्यंत मी तीनदा विचारत होते. पाण्याचा घोटसुद्धा. मला तिचे नीट आभारही मानता आले नाहीत. मी ओके म्हणालो आणि फोन ठेवला.

पुढे दुभाषाचं काम मी कायमचं सोडलं. दुसऱ्याच्या तोंडानं ‘मला’ म्हणायचं ते मला जमेनासं झालं. बाजारात उल्हास एक-दोनदा दिसला, दोघांनी वाट बदलली. गाव लहान असलं तरी तेवढ्या गल्ल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात उल्हास. केस पांढरे झाले होते, टोपी हातात. मी आत घेतलं. कॉफी विचारली, तो नको म्हणाला. मी तरीही कप ठेवून ओतली. तो प्यायला. हवेचं बोललो, माझ्या गुडघ्यांचं बोललो. पुतण्यानं खानावळ मोठी केल्याचं त्यानं सांगितलं. गावी गेला होतास का, असं मी विचारलं. नाही, म्हणाला. एकदाही नाही.

मग कप खाली ठेवून त्यानं विचारलं, “काका, त्या दिवशी आबा शेवटी ओके म्हणाले. त्याचा अर्थ काय होता?”

“सांगितला होता मी तेव्हा,” मी म्हटलं. “ठीक आहे, असा.”

“खरा अर्थ काय होता?”

मी म्हटलं, कशाला आता ते. ते थकले होते, त्यांचं वयही झालं होतं. इथं त्यांना काही कमी पडलं नाही. तू जे केलंस ते मुलगा म्हणून केलंस. हे सगळं मी तयारच ठेवलं होतं, तो कधीतरी येईल म्हणून. आणि त्यात खोटं असं काही नव्हतं.

त्यानं ऐकून घेतलं. टोपी गुडघ्यावर ठेवून ती सारखी करत राहिला.

“परत विचारतंय,” तो म्हणाला. इतक्या वर्षांनी मालवणीत. “काय होतो अर्थ?”

तिसऱ्यांदा विचारल्यावर आमच्याकडे खोटं बोलत नाहीत.

“त्यांका घराक जाऊचा होता,” मी म्हटलं. “तां त्यांनी तुझ्यासाठी सोडून दिल्यानी. तुका जड जाऊ नये म्हणान.”

त्यानं मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिला. बाहेर धक्क्यावर कुठलीतरी बोट लागत होती, तिच्या इंजिनाचा आवाज खिडकीच्या काचेत वाजत होता.

“फट माका दिसलेली,” उल्हास म्हणाला.

“माहीत आसा.”

मला त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी किटली उचलली. थोडी घे, म्हटलं. तो नको म्हणाला. घे रे, म्हटलं, बाहेर थंडी आहे. नको. मी किटली त्याच्या कपाजवळ नेली आणि तिसऱ्यांदा विचारलं.

त्यानं कपावर हात आडवा धरला.

मी बोटं बघितली. एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. मी किटली खाली ठेवली.